गुप्तदानाचा लखोटा

"आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही, अशी गत झालीय आपली," मी म्हणालो आणि ठेवींच्या पावत्यांची फाईल हत्तरकी सरांपुढे सरकवली.

सरांनी फाईल उघडली नाही. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. शेजारच्या खोलीतून चौगुलेबाईंचा आवाज येत होता, "आ... आई. माझ्याकडे बघ. आ... आई." आमच्या वर्गात हे दिवसभर चालायचं, आणि बाहेरून येणाऱ्याला वाटायचं की इथे एकच शब्द शिकवतात.

"आडातलं पाणी आपलं नाही, सुहास," सर म्हणाले. "लोकांनी विश्वासानं ठेवायला दिलंय. व्याज आपलं. मुद्दल त्यांचं."

"सर, आज मार्चची चार तारीख. थकलेलं भाडं नाही दिलं तर पंचवीसला घरमालक गाळा खाली करून मागतोय. त्याला मोबाईलवाला दुप्पट भाडं द्यायला उभा आहे. तिन्ही बायांचा डिसेंबरपासून पगार नाही. जूनला कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांचे देणगीचे पैसे सुरू होणार, ते पक्कं आहे, लेखी आहे. मधले दिवस काढायचे आहेत फक्त."

"किती लागतील?"

"दोन लाख वीस हजार."

"आणि नाही मिळाले तर?"

"वर्ग बंद. जूनपर्यंत."

जूनपर्यंत बंद म्हणजे काय हे सरांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आमच्याकडे बावीस मुलं होती, दोन ते सहा वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. त्यांना कानाला यंत्र लावून आवाज ओळखायला आणि बोलायला शिकवायचं, एवढंच 'चाहूल प्रतिष्ठान'चं काम. हे शिकायचं वय एकदा गेलं की परत येत नाही. तमन्ना नावाची तीन वर्षांची मुलगी होती. तिला डिसेंबरात यंत्र बसलं आणि फेब्रुवारीत पहिल्यांदा ती दार वाजल्यावर वळून बघायला लागली. तीन महिने घरी बसली असती तर ते यंत्र डब्यात गेलं असतं आणि पोरगी पुन्हा खुणांवर आली असती.

हा २००९ सालचा गडहिंग्लजमधला प्रसंग आहे. जगात मंदी आली आणि आम्हाला वर्षाला चार लाख देणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीने दोन ओळींचं पत्र पाठवून हात वर केले. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, संस्थेचा व्यवस्थापक. व्यवस्थापक म्हणजे हिशेब मी लिहायचा, बिलं मी भरायची आणि नळ गळायला लागला तर पानाही मीच धरायचा. स्वभाव तापट. एका जागी बसणं मला लहानपणापासून जमलं नाही, आणि त्या महिन्यात तर पायाला भिंगरीच लागली होती.

सर अध्यक्ष. हायस्कुलात छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. चौऱ्याहत्तर वय, पण रोज साडेदहाला चालत यायचे.

"कायम निधी किती आहे आपला?" त्यांनी विचारलं. त्यांना आकडा तोंडपाठ होता. मला विचारायचं म्हणून विचारलं.

"चौदा लाख. त्यातले नऊ संस्थापकांच्या घराण्याचे, ते घटनेनंच बांधलेले. ते मोडायची रीतसर परवानगी काढेपर्यंत पावसाळा संपेल. राहिले पाच. त्यात तीन लाख किरकोळ देणगीदारांचे, एकोणतीस माणसं. आणि दोन लाख एकाच माणसाचे."

"मग जा त्या एकोणतीस जणांकडे. ज्याचं मुद्दल, त्याची लेखी संमती. जेवढ्यांची आणशील तेवढं मोडू. मी सही करतो."

"आणि ते दोन लाख?"

"ते सोडून."

मी त्याच दुपारी मोटारसायकल काढली.

अकरा दिवसांत मी सगळी एकोणतीस दारं वाजवली. नेसरी, हलकर्णी, महागाव, एक तर थेट संकेश्वर. सात जण वारले होते आणि त्यांच्या मुलांची आपसांत भांडणं चालू होती. चौघे मुंबईला गेले होते, पत्ता नाही. एका निवृत्त कंडक्टरने पाच हजारांच्या संमतीवर सही केलीच, वर शंभराची नोट माझ्या खिशात कोंबली आणि म्हणाला, "पेट्रोलला हो." महागावात एका देणगीदाराच्या मुलाने मला चहा पाजला, पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हंजे बाबांचं धा हजार अजून तुमच्याकडं हाईत?"

"आहेत. व्याजावर मुलं शिकतात."

"मग ते मोडायलाच लागलाईसा तर आमालाच द्या की परत. यंदा घराला स्लॅप टाकायचाय."

मी त्याला देणगी आणि उसनवारी यातला फरक समजावत अर्धा तास घालवला. त्याला फरक पटला, पण सही काही त्याने केली नाही.

पंधरा तारखेला माझ्या हातात बारा संमतिपत्रं होती. एकूण रक्कम एकसष्ट हजार. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, डोकं सणकलेलं, अशा अवस्थेत मी वर्गात आलो. मुलं घरी गेली होती. चौगुलेबाई फरशीवर बसून मुलांच्या यंत्रांचे कानात बसणारे साचे डेटॉलच्या पाण्यात धूत होत्या. मालन चौगुले, वय अठ्ठेचाळीस, वर्गातल्या सगळ्यात जुन्या बाई. वर्गात मुलांशी बोलताना त्या पुस्तकी आणि सावकाश बोलायच्या, ओठ स्वच्छ दिसावेत म्हणून. एरवी गावच्या बोलीत.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

"एकसष्ट. भाड्याची थकबाकीसुद्धा जेमतेम भागेल."

"बसा. पाणी देते."

मी बसलो नाही. येरझाऱ्या घालत बोलत राहिलो आणि बोलता बोलता त्या दोन लाखांवर आलो. आमच्या वहीत अठ्ठ्याण्णव सालच्या पानावर एक नोंद होती: 'गुप्तदान, रु. दोन लाख, मुद्दल मोडू नये.' नाव नाही. नाव एका बंद लखोट्यात होतं आणि तो लखोटा सरांच्या कपाटात. सरांचं काही बरंवाईट झालं तर पुढच्या माणसाला माहीत असावं, एवढ्यासाठी ठेवलेला.

"कोण असेल हो हा महात्मा?" मी म्हणालो. "पुण्यात नाहीतर अमेरिकेत बसला असेल. दान पण द्यायचं आणि वर वेटोळं घालून पण बसायचं. इथे बावीस पोरं रस्त्यावर येतायत, आणि ह्याचं मुद्दल मोडायचं नाही. असलं दान द्यायचं तरी कशाला? पुण्य कमवायची हौस नुसती."

बाईंनी साचा पाण्यातून काढला, फडक्यावर ठेवला.

"त्यांचं कायतरी असंल की," त्या म्हणाल्या.

"काय असणार? पैशाची मस्ती."

त्या उठल्या, घमेलं घेऊन मोरीकडे गेल्या. मला वाटलं, कामाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. "सर, मला त्या माणसाचं नाव द्या. मी जातो. पाया पडतो. नाही म्हणाला तर नाही."

"तिथं विचारायचं नाही असं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय?"

"माझं आणि देणाऱ्याचं. हा विषय मी त्यांच्यापुढं परत कधी काढणार नाही आणि नाव कुणाला कळू देणार नाही, असा शब्द दिलाय."

"शब्दापायी वर्ग बंद पाडायचा?"

सर चिडले नाहीत. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. "माझ्या पेन्शनीतले पस्तीस हजार आहेत," ते म्हणाले. "ते घे. अजून कुठं बघता येतं का बघू."

पस्तीस आणि एकसष्ट, शहाण्णव. मला सव्वा लाख कमी पडत होते आणि नऊ दिवस उरले होते.

कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची, कारण धनादेशांचं पुस्तक त्याच कपाटात होतं. अठरा तारखेला सर दवाखान्यात रक्त तपासायला गेले होते. भर दुपारी, पलीकडे वर्ग चालू असताना, मी कपाट उघडलं. लखोटा तळाच्या कप्प्यात, जुन्या इतिवृत्तांच्या खाली होता. तोंडावर डिंक आणि डिंकावर सरांची आडवी सही. मी ब्लेडने कड सोडवली. मी इतका चिडलेलो होतो की आपण चोरी करतोय असं वाटलंच नाही.

आत सरांच्या अक्षरात चार ओळी होत्या.

'देणाऱ्याचे नाव: मालन बाबू चौगुले. त्यांची कन्या कु. वैशाली (वय सहा, जन्मतः कर्णबधिर) हिच्या अपघाताबद्दल कोर्टाकडून मिळालेली नुकसानभरपाई, रु. दोन लाख. मुद्दल कधीही मोडू नये. हा विषय त्यांच्यापुढे पुन्हा काढू नये.'

बाईंना एक मुलगी होती आणि ती गेली, एवढं मला माहीत होतं. कशी गेली ते कधी विचारलं नव्हतं. मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न तिला ऐकू आला नव्हता, हे मला पुढे कळलं. त्या वेळी शेजारच्या खोलीतून बाईंचा आवाज येत होता, "फू... फूल. माझ्याकडे बघ." आणि मी तीन दिवसांपूर्वी त्यांच्या तोंडावर काय काय बोललो होतो ते शब्दन् शब्द मला ऐकू आलं. मी लखोटा परत चिकटवला, होता तिथे ठेवला.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण मला रात्री झोप नाही, दिवसा जेवण नाही, डोक्यात फक्त पंचवीस तारीख. घरमालकाने येऊन गाळ्याची मापंसुद्धा घेतली होती. तमन्नाची आई दारात उभी राहून रोज विचारायची, "सर, पुढल्या महिन्यात आणू न्हवं पोरीला?" मी रोज म्हणायचो, आणा.

एकवीस तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमारास मी चौगुलेबाईंच्या घरी गेलो. कडगाव रस्त्याला दोन खोल्यांचं घर. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. दारात बसून मेथी निवडत होत्या.

"या की. का आलासा?"

मी उंबऱ्यावरच बसलो. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून सरळ बोललो. "बाई, मला ते दोन लाख कुणाचे आहेत ते कळलंय."

त्यांचे हात थांबले. मान वर झाली नाही.

"परवा मी जे बोललो त्याची माफी मागायला आलोय. आणि..." मी पुढचं बोललो नाही, पण पिशवीतून संमतिपत्राचा कागद बाहेर काढला होता. तो त्यांना दिसला.

"सरांनी सांगिटलं?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं असतं तर पुढे काय झालं असतं याचा विचार मी आजवर हजार वेळा केलाय. कपाट उघडून चोरून वाचलं म्हणालो असतो, तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. कागद तसाच परत आला असता. चार दिवसांनी गाळ्याला मोबाईलवाल्याची पाटी लागली असती. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग मेथीच्या काड्या एका बाजूला केल्या.

"सरांनी शबूद दिला हुता मला," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं पाळला. आता त्यांनीच मोडला म्हंजे वेळच तशी आली असणार."

"वेळ तशी आहे, बाई."

"ते पैसं घरात आलं तवा ह्यांनी म्हटलं, घर बांधूया. मी म्हटलं, पोरीच्या जिवाचं पैसं, त्यातला घास माझ्या घशाखाली उतरायचा न्हाई. सरांकडं नेऊन दिलं. म्हटलं, मोडू नका. तेवढं हाय तवर ती हाय असं वाटतंय." त्यांनी हात पदराला पुसले. "द्या कागूद."

त्यांनी सही केली. वळणदार, मुलांना शिकवताना फळ्यावर काढतात तसं अक्षर. मग म्हणाल्या, "खाली एक ओळ लिवा. ह्यातनं माझा पगार काढायचा न्हाई. एक पैसा न्हाई. बाकीच्या दोघींचा काढा."

"मग तुम्ही चार महिने कशावर..."

"लिवा म्हंते न्हवं."

मी लिहिलं. निघताना त्यांनी मला मेथीची एक जुडी दिली, कारण घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायची त्यांची पद्धत नव्हती. ती मी वाटेतच एका म्हशीपुढे टाकली. घरी नेणं मला शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे कागद ठेवला. त्यांनी वाचला. परत वाचला. मग वळून कपाटाकडे पाहिलं.

"चौगुलेबाईंनी स्वतःहून दिलं?"

"हो."

"तू विषय काढलास की त्यांनी?"

"बोलण्या बोलण्यात निघाला."

सरांनी टोपणाचं पेन उघडलं आणि ठेव मोडायच्या अर्जावर सही केली. दुसरी सही माझी होती. चोवीस तारखेला पैसे खात्यात आले, पंचवीसला घरमालकाच्या हातावर थकबाकी ठेवली, दोन्ही बायांचे पगार झाले. वर्ग एक दिवसही बंद पडला नाही. जूनमध्ये फौंड्रीवाल्यांचा पहिला धनादेश आला. त्याच महिन्यात एका सकाळी मी बाहेरून हाक मारली आणि तमन्ना वळून म्हणाली, "आऽऽ." तिची आई रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

पण एक गोष्ट बदलली होती, आणि ती रोज साडेदहाला दिसायची. पूर्वी सर आले की चौगुलेबाई स्वतः चहा घेऊन यायच्या, पाच मिनिटं बसायच्या. कुठल्या पोराचा 'क' निघत नाही, कुणाच्या बापाने यंत्राची बॅटरी विकून दारू प्यायली, असं सगळं सरांना सांगायच्या. शाळेत त्या सरांच्याच विद्यार्थिनी. नवरा गेल्यावर सरांनीच त्यांना हे शिक्षण घ्यायला मिरजेला पाठवलं होतं, वर्षभराचं भाडं स्वतःच्या खिशातून भरून. एप्रिलपासून चहा दुसरी बाई आणायला लागली. सर व्हरांड्यात असले की चौगुलेबाई मागच्या दाराने जायच्या. उद्धटपणा नाही, भांडण नाही. सरांनी काही विचारलं तर "व्हय सर", "न्हाई सर", बस्स.

गुरुपौर्णिमेला त्या दरवर्षी सरांच्या घरी जायच्या. त्या वर्षी मी सरांकडे संध्याकाळी गेलो तेव्हा टेबलावर पेढ्यांचा पुडा होता. सरांच्या पत्नी, त्यांना सगळे अक्का म्हणत, त्या म्हणाल्या, "मालन आली नाही अजून. बरं नाही का तिला?"

"कामात असेल," सर म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता वर्तमानपत्र उघडलं.

मी एक पेढा खाल्ला आणि पळालो.

पुढच्या तीन वर्षांत आम्ही ते दोन लाख भरून काढले. सर मागेच लागले होते. दर महिन्याला थोडे, कधी चार हजार, कधी सात. बारा सालच्या ऑगस्टात शेवटचा हप्ता पडला आणि नवी पावती आली. सरांनी मला वहीत जुन्याच शब्दांत नोंद करायला लावली: 'गुप्तदान, रु. दोन लाख, मुद्दल मोडू नये.'

"आता बाईंना सांगू या का, पैसे भरले म्हणून?" मी विचारलं.

"त्यांच्यापुढं हा विषय काढायचा नाही." मग म्हणाले, "पूर्वी एकदा निघाला तेवढा पुरे."

सर पावती फाईलीला लावत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लखोटा मी घरच्या डिंकानं चिकटवला होता, बाभळीच्या. तू बाटलीतला पांढरा गोंद लावलास." त्यांनी फाईल बंद केली. "सही मागितल्यावर कपाट बघितलं त्याच दुपारी."

"मग तुम्ही सही का केलीत?"

"संमती खरी होती. तिनं दिलेली होती. मी हरकत घेतली असती तर तिनं कागद परत घेतला असता. मुलांना जूनपर्यंत वर्ग हवा होता."

"आणि जून झाल्यावर? तीन वर्षं ती बाई तुमच्याशी बोलत नाही, सर. तुम्ही शब्द मोडलात असं ती धरून चाललीय. एकदा सांगायचं होतंत, मी नाही, सुहासनं केलं."

सर हसले. चिडले असते तर मला सोसलं असतं. "हिशेब साधा आहे रे. माझ्यावरचा विश्वास गेला तर एका म्हाताऱ्याचा चहा जातो. तुझ्यावरचा गेला तर ती इथे थांबत नाही. ती गेली की वर्ग गेला. तूही गेला असतास. मग कोण राहिलं? मी?"

मी उघडी वही बंद केली.

"तुला सांगावंसं वाटलं तर सांग," ते म्हणाले. "मी अडवणार नाही. पण मी सांगणार नाही."

मी सांगणार होतो. त्या आठवड्यात सांगणार होतो, मग वार्षिक सभा आली. सभेनंतर सांगणार होतो, मग नवी इमारत बघायची होती. मी असा माणूस, की नळ गळाला तर प्लंबरची वाट बघत नाही, आणि हे घोंगडं मी दोन वर्षं भिजत ठेवलं. रोज साडेदहाला सर येत. दुसरी बाई चहा आणी. मी तिथेच बसलेला असे, वहीत डोकं घालून.

चौदा सालच्या नोव्हेंबरात सर गेले. सकाळी आंघोळीला पाणी काढताना खाली बसले, उठले नाहीत. चौगुलेबाई अंत्ययात्रेला आल्या, लांब उभ्या राहिल्या, घरात न जाता परत फिरल्या.

आठवड्याने मी कडगाव रस्त्याला गेलो. दुपार होती. या खेपेला मी उंबऱ्यावर बसलो नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कपाट, ब्लेड, गोंद. सरांनी त्यांचं नाव कधीच घेतलं नव्हतं, मला सांगायला त्यांनी साफ नकार दिला होता. विचारल्यावर मी हो म्हणालो ते खोटं होतं. लखोटा मी फोडल्याचं सरांना लगेच कळलं होतं आणि ते गप्प राहिले होते.

बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. मी थांबल्यावर पण त्या ऐकतच राहिल्या, अजून काही यायचंय असं समजून.

"साडेपाच वर्सं," त्या म्हणाल्या. मग एवढंच विचारलं, "सर हुतं तवा का आला न्हाईसा?"

उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही.

त्यांनी आत जाऊन लुगडं बदललं, दाराला कडी घातली आणि चालायला लागल्या. मी गाडी चालू करून बाजूने गेलो, म्हटलं बसा, सोडतो. त्या बसल्या नाहीत. मी गाडी ढकलत त्यांच्या मागून चालत राहिलो. बाजारपेठ ओलांडली, लक्ष्मीचं देऊळ आलं, सरांची गल्ली आली. पाऊण तासात त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही. सरांच्या दाराशी वळून म्हणाल्या, "तुमी हितंच थांबा."

दार उघडंच होतं. मला बाहेरून अक्का दिसत होत्या, पाटावर बसलेल्या. त्यांनी मान वर केली.

"मालन? किती वर्षांनी आलीस गं."

बाई त्यांच्यापुढे खाली बसल्या. दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले.

"अक्का, सरांनी शबूद मोडला असं मी धरून बसले. त्यांनी मोडलाच नव्हता. माझी चूक झाली."

"कसला शब्द? हे मला कधी काही बोलले नाहीत." अक्कांचा आवाज बारीक झाला होता. "तू येत नाहीस म्हणून वाईट वाटायचं त्यांना, पण बोलले नाहीत. कुणी घातलं होतं तुझ्या डोक्यात हे?"

बाईंनी पाय सोडले नाहीत. मी दारापासून पाच हातांवर उभा होतो, माझं नाव घेतलं असतं तर मला ऐकू आलं असतं.

"ते ऱ्हाऊ दे, अक्का," त्या म्हणाल्या.

मी चपला काढल्या आणि आत गेलो.